दाजींची पंचेचाळीस लाखांची गाडी

भर बारा वाजता गॅरेजच्या दारात हॉर्न वाजला. एकदा नव्हे, तीनदा. मी एका जुन्या जीपखाली उताणा पडून नट सोडवत होतो. दार सताड उघडं, माझे पाय बाहेर आलेले, मी आत आहे हे आंधळ्यालाही कळावं, तरी हॉर्न. मी जीपखालूनच ओळखलं, आमचे दाजी आले.

"यशा! ए मेस्त्री! बाहेर ये, बघ काय आणलंय!"

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, सूर्यकांत पोवार, राहणार तासगाव. साखर कारखान्यात स्टोअरला हेडक्लार्क. नटबोल्टांच्या खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, एवढंच काम. पण चालणं असं की अख्खा कारखाना ह्यांच्याच सातबाऱ्यावर आहे. माझं गॅरेज सांगलीत, कोल्हापूर रोडला. बहिणीच्या लग्नाला वीस वर्षं झाली, पण हा माणूस माझ्या गॅरेजात कधी खुर्चीत टेकला नाही. खिशातून रुमाल काढायचा, खुर्ची झटकायची, रुमाल अंथरायचा, आणि मग म्हणायचं, "नको, उभाच बरा आहे." चहा मागवला की पेला उजेडाला धरून बघायचे.

बाहेर आलो. दारात एक गडद निळी परदेशी गाडी उभी होती. कंपनीचं नाव सांगत नाही. बिचाऱ्या कंपनीचा त्यात काय दोष? गाडी एवढी लांब, की शेजारच्या पंक्चरवाल्याचं दुकानसुद्धा तिनं झाकून टाकलं होतं. दाजी स्टीअरिंगवर, काळा गॉगल, आणि शेजारी पांढऱ्या बुटांतला एक एजंट.

"केवढ्याला, दाजी?"

"साडेचार."

"लाख?"

"मग काय रुपये? नवी केवढ्याला होती माहितीये का तुला? पंचेचाळीस लाख! किरकोळ काम आहे म्हणून एवढ्यात सुटतीय. चाळीस लाख वाचले लेका, चाळीस!"

ज्यानं जन्मात कधी चाळीस लाख एका जागी बघितले नाहीत, त्याचे चाळीस लाख वाचले होते. ह्याला म्हणतात हिशेब! एजंटानं मान हलवली. अशा माणसांना मान हलवायचीच दलाली मिळते.

"पसंत आहे तर घ्यायची की," मी म्हटलं. "माझ्याकडं कशाला आणली?"

दाजींनी तोंड कडू केलं. "तुझ्या अक्काचा हट्ट. म्हणे, एकदा यशाला दाखवा. नाहीतर मला कुणाला विचारायची काय गरज पडलीये? पंचवीस वर्षं स्टोअरमध्ये काढलीत मी. पार्ट हातात घेतला की कळतो."

"अक्काच्या मशीनचं कुठवर आलं?"

"होईल की. होळीला अजून महिना आहे."

ही मशीनची गोष्ट आधी सांगायला पाहिजे. आमची अक्का, नाव कालिंदी, पण उभ्या तासगावात चटणीवाल्या अक्का म्हणूनच ओळखतात. घरात उखळ घालून तिनं कांदा-लसूण चटणी विकायला सुरुवात केली, आणि अकरा वर्षं पै-पै साठवली. आता तिला कांडपाची मशीन घ्यायची होती. आमच्याकडं होळी झाली की बायका वर्षाची मिरची घेऊन कांडपाला रांगा लावतात. ज्याची मशीन, त्याचे ते तीन महिने सोन्याचे. बाजारपेठेत एक गाळा तिनं बघून ठेवला होता, विसारही दिला होता. होळीपर्यंत बाकीचे पैसे भरायचे, की गाळा तिचा. भेटेल तेव्हा तिचं हेच चाललेलं असायचं. गाळ्याला पाटी कुठल्या रंगाची लावायची ते सुद्धा तिनं ठरवलं होतं. पैसे तिच्या नावानं पतसंस्थेत होते, आणि दाजींचा हात तिथं पोचत नाही अशी माझी ठाम समजूत होती. दाजींना कारखान्याचा पगारातला काहीतरी फरक मिळाल्याचं कानावर होतं. म्हटलं, त्यातनंच ही ऐट चाललीय.

"बघतो," म्हणालो आणि हात पुसले.

शेजारच्या शेडमधून बशीरभाई आले. आमचे वायरमन, गाड्यांच्या वायरिंगमध्ये सांगलीत त्यांचा हात धरणारा कुणी नाही. आम्ही दोघांनी दारं उघडली. आतून मोगऱ्याच्या सेंटचा असा लोट आला की बशीरभाई शिंकले. एजंट म्हणाला, "साहेबांना फ्रेश वाटावं म्हणून मारलाय." मी खाली बसलो आणि ड्रायव्हरच्या सीटखाली हात घातला. सीट ज्या पट्टीवर सरकते तिच्या खाचेत बोट फिरवलं. बोटाला पिठासारखी बारीक, वाळलेली माती लागली. कार्पेटचं एक टोक उचललं, नाक जवळ नेलं.

मोगऱ्याच्या खाली तो वास होता. गाळाचा, पुराचा.

सांगलीच्या नदीकाठच्या माणसाला तो वास शिकवावा लागत नाही. दोन हजार पाच साली माझ्या गॅरेजात छातीएवढं पाणी होतं, आणि ते उतरल्यावर गुडघाभर गाळ. अवजारं, खोकी, गिऱ्हाइकांच्या गाड्या, सगळं त्या गाळात. बातमी कळल्याबरोबर अक्का तासगावहून आली, पदर खोचला आणि आठ दिवस माझ्याबरोबर घमेल्यानं गाळ उपसला. हाताची सालं निघाली तिच्या. दाजी एकदाच आले, रस्त्यावरून बघितलं, नाकाला रुमाल लावला आणि गेले. तर तो वास! ही गाडी कुठल्यातरी शहरात पाण्याखाली दोन-चार दिवस मुक्काम करून आली होती. अशी गाडी धुतात, पुसतात, पॉलिश मारतात, आणि ती चालतेही. पण आत वायरींना बुरशी लागलेली असते. आज खिडकी जाते, उद्या लॉक, परवा गिअरबॉक्सचा मेंदू. ती गाडी नसतेच, माणसाला लागलेली साडेसाती असते.

बशीरभाईंनी डिकीतला टायर उचलून खाली बघितलं आणि माझ्याकडं वळले. "यशवंत, अरे ही तर..."

मी त्यांच्या पायावर पाय दिला.

का दिला? सांगतो. लग्नात आमच्याकडं कानपिळी असते. नवरीच्या भावानं नवऱ्याचा कान पिळायचा, 'माझ्या बहिणीला नीट सांभाळ' म्हणून बजावायचं, आणि नवऱ्यानं त्याला कपडे द्यायचे. मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो. अक्काचा जीव की प्राण होतो. मला वाटलं, पिळायचा म्हणजे पिळायचाच! असा पिळला की दाजी मांडवात "आयाई गं!" म्हणून ओरडले आणि सगळा मांडव हसला. झालं. नवरदेव रुसला. जेवायला बसेना. शेवटी वडिलांनी भरमांडवात दोन्ही हात जोडले आणि जावयाला मनगटी घड्याळ वाढवून दिलं तेव्हा स्वारीनं घास घेतला. त्या रात्री वडिलांनी मला शपथ घातली, "जावयापुढं पुन्हा कधी तोंड उघडू नकोस." मी ती पाळली. दाजींनी मात्र सोडलं नाही. आदल्या वर्षीच त्यांच्या भावाच्या वास्तुशांतीला मी पंगतीत वाढायला उठलो, तर शंभर माणसांत म्हणाले, "याला नको रे वाढू देऊ, बासुंदीला ग्रीसचा वास येईल." लोक हसले. मी भांडं खाली ठेवलं आणि हसलो. दुसरं काय करणार?

"काय, झालं का बघून?" दाजींनी विचारलं.

"झालं."

"मग? कशी आहे?"

"दाजी, अशी गाडी आपल्या सगळ्या पावण्यारावळ्यांत कुणाकडं नाही."

"ते मला दिसतंय. घेऊ म्हणतोस?"

"घ्या की. तुमच्या तोलाची आहे."

दाजी फुगले. "हेच तुझ्या तोंडानं पाहिजे होतं," असं म्हणाले, आणि जाताना चहाचा पेला उजेडाला न धरता प्यायले. गाडी वळल्यावर बशीरभाई म्हणाले, "हे बरं नाही केलंस." मी म्हटलं, "खाज आहे ना, खाजवू दे." आणि मी पुन्हा जीपखाली गेलो. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

पुढचे पंधरा दिवस फोनवर मजा होती. आधी डाव्या बाजूची खिडकी उतरली ती वर येईना, शेवटी ओढून पाचर मारून बसवली. मग सकाळी उठून बघितलं तर गाडी मागनं खाली बसलेली. तिला स्प्रिंग नसतात, हवेच्या पिशव्या असतात, त्यातली एक गळत होती. मग डॅशबोर्डावर दिवाळीसारखे दिवे लागले. दर वेळी दाजींचा फोन, आणि दर वेळी सुरुवात अशी, "किरकोळ आहे रे, फक्त विचारायला केला." मी पार्टची किंमत सांगायचो.

"पण मेस्त्री, गाडी तर मी साडेचार लाखांना घेतलीय!"

"दाजी, तुम्ही साडेचारला घेतलीत. तिला ते माहीत नाही. तिला पार्ट पंचेचाळीस लाखांवालेच लागतात."

एजंटाचा फोन एव्हाना बंद झाला होता. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, पण इथं कोंबडीसुद्धा आधीच मेलेली.

तरी दाजींची रग जिरली नव्हती. गाडी ते लग्नांना भाड्यानं देणार होते. नवरदेवाची गाडी म्हणून! एका दिवसाचे पाच हजार. होळीच्या आधी आठ दिवसांवर पहिलं गिऱ्हाईक ठरलं, द्राक्षबागाईतदाराचा मुलगा. नवरी अक्काच्या गल्लीतली, म्हणून आम्हांलाही पत्रिका होती. मी बायकोला म्हटलं, "आपण जायचंच. आहेर मोठा करू, पण जायचं."

दाजी स्वतः गाडी चालवत होते. ड्रायव्हर ठेवला तर गाडी कुणाची हे लोकांना कसं कळणार? सफारी सूट, गॉगल, कपाळाला नाम. मागं नवरदेव मुंडावळ्या बांधून, शेजारी त्याची करवली. मारुतीच्या देवळाला जाऊन गाडी वाजतगाजत मांडवाच्या दारात आली, थांबली, बँडवाल्यानं शेवटचा सूर लावला, आणि गाडी मागनं हळूच खाली बसली. म्हैस बसते तशी. लोकांना वाटलं, ही परदेशी गाडीची काहीतरी रीत असेल. दोघांनी टाळ्याही वाजवल्या. मग हॉर्न सुरू झाला. आपोआप, एकसुरी, थांबेचना. आणि चारी दारांची लॉकं खटाखट पडली.

नवरीचा मामा दार उघडायला गेला. उघडेना. आतून नवरदेव ओढतोय, बाहेरून मामा ओढतोय. दाजी सगळी बटणं दाबतायत, काचेवर थापा मारतायत. तोंड हलत होतं, पण हॉर्नपुढं ऐकू काय येणार? भटजींनी घड्याळ बघितलं. मुहूर्त बारा सदतीसचा. बारा पंचवीस झाले होते. पोरांनी मोबाइल काढले.

माझा फोन वाजला. बघतो तर दाजी. मी गाडीपासून दोन हातांवर उभा होतो, काचेतनं ते मला दिसत होते, मी त्यांना दिसत होतो, आणि आम्ही फोनवर बोलत होतो.

"यशा, काहीतरी कर रे!"

"काय झालं दाजी?"

"काय झालं काय विचारतोस! दिसत नाही व्हय?"

"काच फोडू?"

"अरे खुळा काय तू? काच केवढ्याची आहे ती!"

"मग डिकीचं बटण दाबा. बॅटरी मागं आहे."

डिकी तेवढी उघडली. मी आरामात गेलो, बॅटरीची वायर काढायला हात घातला, मग थांबलो. आधी छपराची काच उघडायला पाहिजे, नंतर करंट राहणार नाही. "दाजी, वरचं छप्पर सरकतंय का बघा." सरकलं, अर्धं. मग मी वायर काढली. हॉर्न बंद पडला आणि एकदम शांततेत लोकांचं हसू ऐकू आलं. दोघा तगड्या पोरांनी टपावर चढून नवरदेवाला बखोटीला धरून वर ओढलं. फेटा आतच राहिला, मुंडावळ्या कानात अडकल्या, पण नवरदेव निघाला. पाठोपाठ करवली निघाली. दाजींनी उठायचा प्रयत्न केला, पण पोट छपराच्या भोकात अडकलं. सफारीचं एक बटण उडालं तेव्हा ते खाली बसले.

किल्ली घालायचं भोक त्या गाडीला असतं. दाराच्या कडीला एक टोपण असतं, त्याखाली. दाजींनी छपरातून किल्ली बाहेर दिली असती तर दोन मिनिटांत दार उघडलं असतं. मला ते पहिल्यापासून माहीत होतं. पण म्हटलं, घाई काय आहे? आधी लग्न लागू दे. दाजींनी सगळी मंगलाष्टकं गाडीत बसून ऐकली, रुमालानं घाम पुसत. अक्षता पडल्यावर मी टोपण काढलं.

एवढी मजा मला आयुष्यात कधी आली नव्हती. हसू दाबत मी वळलो तर बायकांच्या घोळक्यात अक्का दिसली. सगळा मांडव दात काढत होता, ती हसत नव्हती. लग्न लागून गेलं होतं, तरी अक्षता तिच्या मुठीतच होत्या. आधी ती गाडीकडं बघत होती, मग माझ्याकडं बघायला लागली. मला वाटलं, नवऱ्याचा अपमान झाला म्हणून वाईट वाटलं असणार. बाईमाणसाचं असंच असतं म्हणून मी जेवायला गेलो.

वराच्या बापानं पाच हजार तर दिले नाहीतच, वर दाजींचा उद्धार केला. बाकीची दोन बुकिंगं दुसऱ्या दिवशी रद्द झाली. गाडी दोरानं ओढत माझ्याकडं आणली. दाजी खुर्चीत बसले. वीस वर्षांत पहिल्यांदा, रुमाल न अंथरता. मी आणि बशीरभाईंनी जे जे गेलं होतं ते वाचून दाखवलं. बेरीज गाडीच्या किमतीच्या पुढं गेली तेव्हा दाजींनी हात वर केला.

"पुरे. मग जुनी गाडी घेण्यात फायदा तरी काय?"

"असतो की," मी म्हटलं. "विकणाऱ्याचा."

होळी झाली. दुसऱ्या दिवशी धुळवड, गॅरेज बंदच होतं. मी नुसता साफसफाई करत होतो. दुपारी अक्का आली. एसटीनं आली होती. डोळे लाल, नाकाचा शेंडा लाल, अंगाला मिरचीचा खकाणा. मला वाटलं मशीन सुरू झाली.

"काय गं, पहिल्याच दिवशी रांग लागली वाटतं?"

"लागलीय," ती म्हणाली. "माझ्या मशीनला नव्हे. गाळा मगदूमवहिनींनी घेतला. मी त्यांच्याकडं जाते कांडायला, रोजावर."

"आणि तुझे पैसे?"

तिनं कोपऱ्यात उभ्या असलेल्या निळ्या गाडीकडं बोट केलं.

मला आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि हातातला झाडू मी खाली ठेवला.

"हे म्हणाले, मशीन तीन महिने चालणार, गाडी बारा महिने चालेल," ती सांगायला लागली. "म्हणाले, लग्नांना भाड्यानं देऊ, होळीपर्यंत गाळ्याचे पैसे सुटतील. मी ऐकत नव्हते. महिनाभर भांडले. शेवटी म्हटलं, यशाला दाखवा. यशा हो म्हणाला तर ठेव मोडते. नाही म्हणाला तर पुन्हा ह्या घरात गाडीचं नाव काढायचं नाही. ह्यांनी अंबाबाईची शपथ घेतली होती, यशा. तू नाही म्हणाला असतास तर गप बसले असते."

"दाजी मला बोलले नाहीत. पैसे तुझे आहेत म्हणून एक शब्द..."

"सांगतील कसे? बायकोच्या पैशानं गाडी घेतोय म्हणून?" मग ती माझ्याकडं बघत म्हणाली, "आणि सांगितलं असतं तर तू वेगळं काय बोलला असतास?"

मी तिथंच सापडलो. वेगळं बोललो असतो म्हटलं, तर सगळं कळत असून उलटं बोललो असं होत होतं. पाच मिनिटांत चार गाड्यांचे रोग ओळखणारा मी, आणि तोंडातून निघालं ते असं:

"मला कळलंच नाही गं अक्का. चुकलं माझं. दिसलं नाही."

अक्का उठली आणि गाडीपाशी गेली. दार उघडलं, सीटवर हात टेकून वाकली.

"गाडी दारात आली ना, त्या दिवशी पूजा करायला मी असंच दार उघडलं," ती म्हणाली. "हातात आरतीचं ताट होतं. आणि मला वास आला. आठ दिवस उपसलाय रे मी तुझा गाळ. मला, चटणी कुटणाऱ्या बाईला आला, आणि तुला नाही आला?"

आग लागो माझ्या तोंडाला, त्या दिवशी नको तिथं उघडलं आणि आज उघडत नव्हतं.

"असू दे," तिनं दार लावलं. "नाही कळलं म्हणालास ना, मग नाही कळलं. मी पण सगळ्यांना हेच सांगीन. मेस्त्रीची नजर चुकली म्हटलं तर लोक तुला हसतील. भावानं जाणूनबुजून केलं म्हटलं, तर मी माहेर कुठलं सांगू?"

तिनं पिशवीतून चटणीचा डबा काढून खुर्चीवर ठेवला. दर वर्षी होळीला देते तसा. घरी जाऊन माझ्या बायकोच्या हातचा चहा घेतला आणि ती राहा म्हणत असताना चारच्या गाडीनं गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला कांडपावर जायचं होतं तिला.

ह्याला आता नऊ-दहा वर्षं होत आली. गाडी भंगारवाल्यानं लोखंडाच्या भावानं नेली. मी पैसे घेऊन तासगावला गेलो होतो, दोनदा गेलो, अक्कानं दोन्ही वेळा जेवायला वाढलं आणि पाकीट परत माझ्या खिशात घातलं. मशीन तिनं सहा वर्षांनी घेतली, स्वतःच्या हिमतीवर, घराच्या मागच्या पत्र्यात. बाजारपेठेत नव्हे.

दाजींना मात्र बोलायला आयुष्यभराचा विषय मिळाला. बारसं असो, बारावं असो, चार माणसं जमली की सुरू. "आमचे मेव्हणे नावाजलेले मेस्त्री, म्हणून विश्वासानं दाखवली. आणि पाण्यात बुडालेली गाडी ह्या पठ्ठ्याला ओळखू आली नाही! ह्यांच्या हातात लोक गाड्या देतात तरी कसे!" लोक हसतात. तासगावकडच्या तीन-चार गिऱ्हाइकांनी येणं सोडलं. मी प्रत्येक वेळी म्हणतो, "खरं आहे दाजी. नाही कळलं मला." दुसरं म्हणायची सोयच नाही.

गेल्या वर्षी अक्काच्या मुलीचं, तेजलचं लग्न झालं. तिला सख्खा भाऊ नाही, म्हणून कानपिळीला माझा अभिजित उभा राहिला. चोवीस वर्षांचा गडी, गॅरेज आता तोच बघतो. मांडवात दाजींचं चालूच होतं. नव्या व्याह्यांना ते छपरातून निघालेल्या नवरदेवाची गोष्ट सांगत होते, स्वतः आत अडकले होते तेवढं वगळून. मी हसऱ्या तोंडानं ऐकत होतो. अक्का पुढं आली, अभिजितच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याच्या कानाशी वाकली. मी मागंच उभा होतो, मला नीट ऐकू आलं.

"हलकाच पिळ हं बाळा. कान जोरात पिळून काही होत नाही. पण उद्या तेजलचा नवरा तुला काही विचारायला आला, तर जे दिसेल ते सांग. मान राहो नाहीतर जावो."

"हो आत्या," अभिजित म्हणाला. त्याला त्यातलं काही ठाऊक नाही.

अक्कानं वळून माझ्याकडं बघितलं नाही. सरळ पुढं गेली आणि पावण्यांना अक्षता वाटायला लागली. माझ्यापाशी आली तेव्हा माझ्याही हातावर चिमूटभर ठेवल्या, बाकीच्यांच्या ठेवल्या तेवढ्याच.